कॅसेटची टॅब तोडली होती का?

गुरुवारची संध्याकाळ. पनवेल लोकल. नेरूळला खिडकीची सीट मिळाली म्हणजे दिवस सत्कारणी! कानात इअरफोन, फोनवर ‘खास तुमच्यासाठी’ बनवलेली प्लेलिस्ट. गेले तीन आठवडे ती मला तीच चौदा गाणी उलटसुलट ऐकवतेय. मी एकदा पावसाचं गाणं काय ऐकलं, आता भर उन्हाळ्यातही माझ्या कानात पाऊसच पडतोय.

तेवढ्यात आईचा फोन.

‘‘रविवारी येतोयस ना? भंगारवाला बोलावलाय. माळ्यावरचं आजोबांचं खोकं देऊन टाकू का?’’

‘‘कसलं खोकं?’’

‘‘तबकड्या, कॅसेटी. पडून आहेत नुसत्या. वाजवायला मशीन कुठेय?’’

मुद्दा बिनतोड होता. तरी ‘‘थांब, मी येतो,’’ असं मी का म्हणालो, ते तेव्हा मलाही नीट कळलं नव्हतं.

माळ्यावरचा खजिना

आमचं गाव शिरढोण. पनवेलहून गोवा हायवेला लागलात, पळस्पे मागे टाकलंत की कर्नाळ्याच्या आधी लागतं ते. वासुदेव बळवंत फडके यांचं जन्मगाव. ४ नोव्हेंबर १८४५ ला ते इथे जन्मले, हे आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. बाकी जगाच्या लेखी आम्ही म्हणजे कर्नाळ्याला पक्षी बघायला जाताना वाटेत लागणारी पाटी. आता नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं, त्यामुळे आजूबाजूला जो तो जुनं घर पाडून नवीन बांधण्याच्या गोष्टी करतोय. आमच्याकडेही तेच. कौलं उतरायची म्हणजे माळा रिकामा करायचा, आणि माळा रिकामा करायचा म्हणजे खोकं आलंच.

शुक्रवारी रात्रीच घरी गेलो आणि खोकं खाली काढलं. वर बोटभर धूळ. आत सव्वीस तबकड्या, त्यातल्या तीन फुटलेल्या. चाळीसेक कॅसेटी. काहींवर छापील कव्हरं, काहींवर आजोबांचं वळणदार अक्षर. नाट्यगीतं, भजनं, कोळीगीतं, एका कॅसेटवर नुसतंच ‘चांगली गाणी’! म्हणजे आजोबांची प्लेलिस्ट. आणि तळाला एक ६० मिनिटांची कॅसेट. तिच्यावर लिहिलेलं, ‘शिरढोण. हळद. १९९१.’

१९९१ म्हणजे माझ्या आत्याचं लग्न. माझा जन्म त्यानंतर सात वर्षांनी.

हे सगळं घेऊन जायचं कुणाकडे? गुगलवर विचारलं तर जुन्या तबकड्यांचं भिंतीवरचं घड्याळ कसं बनवायचं त्याचे व्हिडिओ आले. मग एकदम आठवल्या लायब्ररीच्या मॅडम.

तीन ओळींची चिठ्ठी

मास कॉमला असताना आमच्या कॉलेजात एक छोटीशी म्युझिक लायब्ररी होती. जिन्याखालची खोली, दोन कपाटं, चार हेडफोन, एक टेप डेक, एक सीडी प्लेअर आणि एक ग्रंथपाल मॅडम. आम्ही तिथे जायचो ते मुख्यतः एसीसाठी. टू बी ऑनेस्ट, पहिल्या वर्षी मी तिथे बऱ्यापैकी झोपाच काढल्यात.

दारापाशी एक बोर्ड असायचा. त्यावर दर सोमवारी दोन गोष्टी लागायच्या. एक, संगीतातली बातमी. कुठे मैफल आहे, कुणाला पुरस्कार मिळाला, कोण गेलं. आणि दुसरी, मॅडमच्या हातची चिठ्ठी. चिठ्ठीत तीनच ओळी. काय ऐका. कशासाठी ऐका. यानंतर काय ऐका.

बस. फंडा इतकाच. पण त्या तिसऱ्या ओळीनं माझी वाट लावली. म्हणजे चांगल्या अर्थानं!

पहिली चिठ्ठी आठवतेय. काय ऐका : उस्ताद अब्दुल करीम खाँ, झिंझोटीतली ठुमरी. कशासाठी : तीन मिनिटांत माणूस काय काय सांगू शकतो ते कळण्यासाठी. यानंतर : पंडित भीमसेन जोशी, काहीही.

मी विचारलं, ‘‘मॅडम, यांच्यानंतर ते का?’’ त्यांनी गोष्ट सांगितली. गदगमधल्या एका शाळकरी मुलाच्या कानावर या ठुमरीची तबकडी पडली. आपल्यालाही असंच गाता आलं पाहिजे, असं त्याच्या मनानं घेतलं आणि १९३३ मध्ये, अकराव्या वर्षी, तो गुरू शोधायला घरातून पळाला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. जस्ट इमॅजिन! एक तबकडी, अंदाजे तीन मिनिटं, आणि अख्खं आयुष्य बदललं. आपल्याला प्लेलिस्टवर पुढचं गाणं आवडलं नाही तर आपण चार सेकंदांत पुढे ढकलतो.

मी थर्ड इयरला असताना, फेब्रुवारी २०१९ मध्ये, स्पॉटिफाय भारतात आलं. आम्ही सगळे तिकडे पळालो. लायब्ररीचे हेडफोन धूळ खायला लागले. बोर्डावरची चिठ्ठी मात्र बदलत राहिली. वाचणारे कमी झाले, एवढंच.

ही आयडिया नवी नाहीच

मॅडमचा एक लाडका विषय होता, विष्णु दिगंबर पलुस्कर. आपल्याला ते नाव कुठल्या तरी संगीत क्लासच्या पाटीवर किंवा परीक्षेच्या सर्टिफिकेटवर भेटतं. ‘प्रारंभिक’, ‘प्रवेशिका’, ‘विशारद’ अशा परीक्षा आपल्यापैकी कित्येकांनी दिल्यात (आणि विसरल्यातही). पण या गृहस्थांनी केलं काय, तर ५ मे १९०१ ला लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय काढलं. तेही राजाश्रयावर नाही, लोकांकडून पैसे उभे करून. गाणं तोवर मुख्यतः गुरूच्या घरात किंवा दरबारात शिकायला मिळायचं. यांनी त्याला वर्ग, वेळापत्रक, पुस्तकं आणि परीक्षा दिल्या. १९०८ मध्ये मुंबईत शाखा काढली. पुस्तकं छापली, ‘संगीतामृत प्रवाह’ नावाचं मासिक चालवलं. म्हणजे संगीतशाळेतून संगीताची खबरबात, शंभरहून जास्त वर्षांपूर्वी!

पुढे मुंबईतल्या मोठ्या इमारतीचं कर्ज फिटलं नाही आणि ती लिलावात गेली. १९३१ मध्ये पलुस्कर गेले. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. इमारत गेली, पण शिष्य होते, पुस्तकं होती, म्हणून काम राहिलं. या मंडळाचं ‘संगीत कला विहार’ हे मासिक बी. आर. देवधर यांनी कितीतरी वर्षं सांभाळलं. आणि मंडळाची एक वास्तू कुठे आहे माहितीये? वाशीला. आपण रोज हार्बर लाइननं जिच्या जवळून जातो आणि मान वर करून बघतही नाही.

तीन ढीग

शनिवारी खोकं रिक्षात घातलं, मग लोकलमध्ये मांडीवर घेतलं आणि कॉलेज गाठलं. मॅडम आहेत तिथेच आहेत. केस जरा पांढरे झालेत. टेप डेकही आहे तिथेच.

‘‘ये. काय आणलंयस?’’ जणू मी काल दुपारीच उठून गेलो होतो.

त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि तीन ढीग करायला घेतले. पहिला तबकड्यांचा. ‘‘ही लाखेची असते. स्पिरिटनं पुसू नकोस, लाख विरघळते.’’ लेबलं वाचत गेल्या. हिराबाई बडोदेकर, मास्टर कृष्णराव, बालगंधर्व. ‘‘छान आहेत. पण यातल्या बऱ्याचशा अजून कुणाकडे तरी सापडतील. आपल्याकडे तबकड्या जमवणारी भारी माणसं आहेत.’’ मग त्यांनी ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’बद्दल सांगितलं. मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेली ही हौशी संग्राहकांची संस्था. डॉ. सुरेश चांदवणकरांसारख्या माणसांनी नोकरी सांभाळून जुन्या तबकड्यांच्या याद्या, माहिती, लेख असं सगळं जमवलं.

दुसरा ढीग छापील कॅसेटींचा. ‘‘या कंपनीच्या. हजारोंनी निघाल्या असतील. ठेव किंवा देऊन टाक.’’

तिसऱ्या ढिगात फक्त हातानं लिहिलेल्या कॅसेटी. आजोबांची ‘चांगली गाणी’ त्यातून बाहेर गेली, कारण ती रेडिओवरून उतरवलेली फिल्मी गाणी निघाली. शेवटी टेबलावर एकच कॅसेट उरली. ‘शिरढोण. हळद. १९९१.’

‘‘हिची कॉपी जगात कुणाकडे आहे?’’

‘‘कुणाकडेच नसणार.’’

‘‘मग सगळ्यात आधी हीच ऐकायची.’’

मी म्हटलं, ‘‘मॅडम, घरगुती लग्नाची कॅसेट आहे. केसरबाई थोड्याच आहेत?’’

त्या हसल्या आणि केसरबाईंचीच गोष्ट सांगितली. १९७७ मध्ये अमेरिकेनं दोन व्हॉयेजर यानं अवकाशात सोडली. प्रत्येक यानावर एक सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, पृथ्वीवरच्या आवाजांची. त्यात भारतातलं एकच गाणं. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांनी गायलेली भैरवी, ‘जात कहाँ हो’. हे गाणं निवडलं कसं? रॉबर्ट ब्राउन नावाच्या संगीत अभ्यासकानं शिफारस केली म्हणून. पण शिफारस करून भागतंय कुठे? तबकडी बाजारातून केव्हाच गायब झालेली. शोधाशोध सुरू झाली आणि न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात, ती सापडली!

‘‘ते खोकं त्या आधी भंगारात गेलं असतं तर?’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘आणि ती तर कंपनीची तबकडी. एक नाही तर दुसरी सापडली असती. तुझी ही एकच आहे.’’

मी गप्प.

बटण दाबलं...

आधी त्यांनी कॅसेट उजेडात धरून बुरशी बघितली. कोकणातली हवा, माळ्यावरचा दमटपणा. नशीब, टेप स्वच्छ होती. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवली. एवढी वर्षं गुंडाळून बसलेली टेप मोकळी व्हायला. डेकची वायर कॉम्प्युटरला जोडली, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि बटण दाबलं.

खरखर. कुणीतरी खोकलं. भांडी वाजली. लहान मूल रडतंय. आणि मग एका बाईचा आवाज आला. वयस्क, किंचित घोगरा, पण खणखणीत. तिच्यामागून बाकीच्या बायका.

धवले!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आमच्या आगरी लग्नांत विधींच्या वेळी धवले गातात आणि ते गाणारी असते ती धवलारीण. ही नुसती गायिका नाही. कुठल्या विधीला काय म्हणायचं, त्याचा क्रम काय, हे सगळं तिच्या डोक्यात असतं. कागद नाही, पुस्तक नाही. आईकडून, सासूकडून, शेजारणीकडून ऐकत ऐकत आलेलं. आता हळदीला डीजे लागतो. मीही नाचतो, खोटं कशाला बोलू! पण मी मोठा झालो त्या शिरढोणमध्ये धवलारीण मी फक्त लांबून पाहिलेली, नीट बसून ऐकलेली कधीच नाही. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत मी पहिल्यांदा धवले ऐकले ते एका कॉलेजच्या लायब्ररीत, हेडफोन लावून. गंमत आहे ना?

अकरा मिनिटं झाली. धवलारीण नवीन काहीतरी सुरू करते, पहिली ओळ येते, बायका उचलणार तेवढ्यात...

खट्.

आणि एक चिरका, आनंदी आवाज, ‘‘हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग!’’ मागोमाग त्या वर्षीचं एक हिट फिल्मी गाणं, अत्यंत बेसूर.

तो आवाज माझा होता.

मला आठवलं. सात वर्षांचा असेन. म्हणजे २००५. आजोबांचा टेपरेकॉर्डर, लाल बटण आणि हाताला लागलेली पहिली कॅसेट. मी ‘रेडिओ स्टेशन’ चालवायचो. आजोबा कौतुकानं ऐकत बसायचे. एका बाजूची उरलेली एकोणीस मिनिटं मीच. दुसऱ्या बाजूलाही मीच. तिकडे तर मी बातम्या पण दिल्यात!

मॅडमनी कॅसेट बाहेर काढली आणि तिच्या पाठीमागच्या कडेवर बोट ठेवलं. तिथे प्लास्टिकच्या दोन छोट्या टॅब असतात. एकेका बाजूसाठी एकेक. त्या तोडून टाकल्या की कॅसेटवर पुन्हा काही रेकॉर्ड होत नाही.

दोन्ही टॅब शाबूत होत्या.

‘‘इतकंच करायचं असतं,’’ त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. खिशातल्या किल्लीच्या टोकानं मी दोन्ही टॅब तोडल्या. एकवीस वर्षं उशिरा.

आजीचं उत्तर

रविवारी सकाळी भंगारवाला आला. जुना पंखा, पत्रे, फुटकी बादली घेऊन गेला. खोकं गेलं नाही.

दुपारी आजीला ओट्यावर बसवलं आणि फोनवर ती अकरा मिनिटं लावली. पहिल्या दोन सेकंदांत तिनं धवलारणीला ओळखलं. मग भांडी वाजवणारी कोण, खोकणारं कोण, रडणारं मूल कुणाचं, सगळं सांगत गेली. त्यातली निम्मी माणसं आता नाहीत. ‘खट्’ झालं तशी तिनं फोनकडे बघितलं.

‘‘पुढचं?’’

मी सांगितलं काय झालं ते. मला वाटलं ती चिडेल. ती हसली. म्हणाली, ‘‘तू लहान होतास.’’ मग डोळे मिटून तुटलेल्या ओळीपासून पुढे म्हणायला लागली. दोन ओळी म्हटल्या. तिसरीला अडखळली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच.

‘‘नाही रे येत. तिला यायचं. तिच्याबरोबर गेलं.’’

मी रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं. आता माझ्याकडे अकरा मिनिटं आणि दोन ओळी आहेत.

आता तुमचं खोकं!

तुमच्याही घरी माळ्यावर, पलंगाखाली, गावच्या कपाटात एक खोकं असणार. ते उघडण्याआधी मॅडमच्या तालमीत शिकलेल्या या टिप्स :

* आधी हातानं लिहिलेलं बाजूला काढा. बारसं, लग्न, भजनी मंडळ, आजीच्या ओव्या. कंपनीचं नंतर.
* कॅसेटच्या दोन्ही टॅब आधी तोडा, मग वाजवा.
* टेपवर पांढरट बुरशी दिसली तर वाजवू नका. टेप खराब होईल आणि मशीनही. जाणकाराकडे न्या.
* टेप डेकपासून कॉम्प्युटरला एक साधी वायर आणि ‘ऑडॅसिटी’सारखं फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं. फाइल ‘वेव्ह’मध्ये ठेवा, तीन कॉप्या करा आणि त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा.
* जुन्या तबकड्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. कोरड्या मऊ फडक्यानं पुसा.
* आवाज कुणाचा, गाव कुठलं, साल कुठलं, हे घरच्या मोठ्या माणसांना आजच विचारून लिहून ठेवा.

आणि एक कामाची माहिती. आपल्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर साठ वर्षं असतो. म्हणजे १९६५ पर्यंत निघालेल्या तबकड्यांच्या मुद्रणावरचा हक्क आता संपलाय (गाण्याच्या शब्दांचा आणि चालीचा हिशोब वेगळा असतो, तेवढं लक्षात ठेवा). त्यामुळे जुन्या तबकड्या इंटरनेटवर उघडपणे ऐकायला मिळण्याची शक्यता दर वर्षी वाढत जाणार.

या आठवड्याच्या चिठ्ठ्या

मॅडमच्या पद्धतीनं, माझ्याकडून.

काय ऐका : केसरबाई केरकर, व्हॉयेजरवरची भैरवी. कशासाठी : साडेतीन मिनिटांत आवाज केवढा मोठा होऊ शकतो त्यासाठी. यानंतर : किशोरी आमोणकरांचा भूप. केसरबाई आणि किशोरीताईंच्या आई मोगूबाई कुर्डीकर, दोघीही अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. धागा कळतो.

काय ऐका : ‘बैजू बावरा’ (१९५२) मधली तानसेन आणि बैजूची जुगलबंदी. कशासाठी : पडद्यामागे उस्ताद अमीर खाँ आणि डी. व्ही. पलुस्कर गातायत. यानंतर : याच पलुस्करांची कुठलीही तबकडी. विष्णु दिगंबरांचा हा मुलगा १९५५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेला. जे रेकॉर्ड झालं तेवढंच आपल्याकडे आहे.

काय ऐका : तानपुरा. नुसता, दहा मिनिटं. कशासाठी : डोकं शांत व्हायला ऑफिसच्या मीटिंगआधी याहून स्वस्त उपाय नाही. यानंतर : मिरजेची एक चक्कर. तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय.

चौथी चिठ्ठी मी लिहिली नाही. ती मॅडमनी लिहिली आणि सोमवारी बोर्डावर लावली. मला फोटो पाठवला.

काय ऐका : धवले, शिरढोण, १९९१. अकरा मिनिटं. लायब्ररीत उपलब्ध. कशासाठी : पुढचं हरवलंय म्हणून. यानंतर : आपापल्या घरी जाऊन विचारा.

पुढच्या महिन्यात शेजारच्या गावात एक लग्न आहे. तिथे डीजे आहेच, पण धवलारीणही येणारेय म्हणे. आजीनं तिला निरोप धाडलाय, माझा नातू येईल, त्याला बसू दे जवळ.

मी जाणारेय. फोन फुल चार्ज करून. आणि या वेळी मध्ये गाणार नाही, प्रॉमिस.